मतपरिवर्तनाचा क्रम: सोलापूर जिल्ह्यातील काही दाखले

अभिवृत्ती म्हणजे काय

एखादी व्यक्ती, समूह किंवा प्रथा यांच्याकडे पाहण्याची मनाची जी स्थिर ठेवण असते, तिला अभिवृत्ती म्हणतात. मानसशास्त्र तिचे तीन घटक मानते: त्या विषयाबद्दलची समजूत, त्याविषयी वाटणारी ओढ किंवा तिटकारा, आणि प्रत्यक्ष वागण्याची तयारी. हे तीन घटक एकाच वेगाने बदलत नाहीत. अस्पृश्यतेला कोणताही आधार नाही हे पूर्णपणे पटलेला माणूससुद्धा परक्या जातीच्या घरी पाण्याचा पेला तोंडाला लावताना क्षणभर घुटमळतो. त्याची समजूत पुढे गेलेली असते, भावना मागे राहिलेली असते. याउलट कचेरीत सर्वांच्या डब्यात डबा मिसळणारा माणूस घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आडनाव विचारतो. सामाजिक बदलाला सामोरे जाताना माणूस खरोखर बदलतो का, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही ते यामुळेच. सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाचे तीन वेगवेगळे दाखले सापडतात: पंढरपूरचा मंदिरप्रवेश, सोलापूर शहरातील ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट आणि करमाळ्यातून उभी राहिलेली विधवा प्रथेविरुद्धची मोहीम.

बोलणे आणि वागणे

रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या आरंभी एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. तरीही हॉटेले आणि उपाहारगृहे मिळून २५१ ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारला गेला. काही महिन्यांनी लापिएरने त्याच व्यावसायिकांना पत्राने विचारले, चिनी गिऱ्हाईक चालेल का? उत्तर पाठवणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ कळवले. हा अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्रुटी होत्या. पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता असे नाही. तथापि जाहीर केलेले मत आणि प्रत्यक्ष वागणूक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यातून ठसले. भारतात ही तफावत बहुधा उलट्या दिशेने दिसते: बोलणे उदार असते, वागणूक तशी नसते.

पंढरपूर, १९४७

चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. परंपरा हे वर्ष १३३८ सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढची सहा शतके अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांचे दर्शन या समाधीपाशी संपत असे. समाधी आणि मंदिरात जाण्याची पहिली पायरी, म्हणजे नामदेव पायरी, यांच्यातले अंतर काही पावलांचे आहे. ज्या संप्रदायाने चोखोबांचे अभंग कीर्तनात गायले, त्याच संप्रदायाच्या मुख्य मंदिरात चोखोबांच्या जातीला ही पावले टाकता येत नव्हती.

विरोध तीव्र असण्याचे एक कारण पंढरपूरच्या उपासनापद्धतीत आहे. अनेक मोठ्या मंदिरांत भाविक मूर्ती दुरून पाहतो. पंढरपुरात तो विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवतो. याला पदस्पर्शदर्शन म्हणतात. त्यामुळे येथे प्रवेश म्हणजे सभामंडपात उभे राहणे नव्हे, तर स्पर्श. अस्पृश्यतेचा गाभाच स्पर्शाच्या भीतीत असल्याने ही भीती नेमकी याच गाभाऱ्यात सर्वाधिक ताणली गेली.

साने गुरुजींनी १९४६ च्या कार्तिकी एकादशीच्या सुमारास या प्रश्नावर उपोषणाचा निश्चय केला. आधी लोकमत जागे करावे, असा सल्ला सेनापती बापट यांनी दिला. तो मानून गुरुजींनी सुमारे सहा महिने महाराष्ट्राचा दौरा केला. सभा झाल्या, सह्या गोळा झाल्या, राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. या दौऱ्यात अनेक गावांनी आपल्या विहिरी आणि देवळे खुली केली. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. त्यासाठी जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. महात्मा गांधींना हे उपोषण सुरुवातीला पसंत नव्हते. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिराचे वंशपरंपरागत पुजारी असलेल्या बडव्यांकडून संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

कोणाचे मन बदलले

हृदयपरिवर्तन हा या सत्याग्रहाचा घोषित हेतू होता. ते नेमके कोणाचे झाले, हे तपासण्यासारखे आहे. कडवे विरोधक शेवटपर्यंत विरोधकच राहिले. दहा दिवसांत त्यांचे अंतःकरण पालटले असे मानायला आधार नाही. समर्थकांना बदलण्याची गरज नव्हती. खरी हालचाल झाली ती मधल्या थरात. गावातल्या अनेकांना देऊळ खुले करण्यात गैर वाटत नसते, पण इतरांना ते खपणार नाही अशी प्रत्येकाची खात्री असते. सगळेच एकमेकांच्या भीतीने गप्प बसतात आणि कोणालाच मनापासून नको असलेली प्रथा टिकून राहते. समाजशास्त्रात याला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. रोजच्या भाषेत याचे नाव ‘लोक काय म्हणतील’. सहा महिन्यांच्या दौऱ्याने हा गैरसमज उघडा पाडला. एका गावची विहीर खुली झाल्याची बातमी शेजारच्या गावात पोचली की तेथील गप्प बसलेल्यांना आपण एकटे नाही हे कळत असे. तनपुरे महाराजांचा मठ मिळणेही याच अर्थाने महत्त्वाचे. विरोध करणारे परंपरेचा दाखला देत होते आणि परंपरेतलाच एक मठ विरुद्ध बाजूने उभा राहिला. दहा दिवसांच्या उपोषणाची आठवण अधिक राहिली, पण माझ्या मते परिणामाचा मोठा वाटा आधीच्या सहा महिन्यांचा आहे.

तेज काढून घेतल्याची कथा

मंदिर खुले होण्यापूर्वी विरोधकांनी विठ्ठलाच्या मूर्तीतील तेज मंत्राने काढून पाण्याच्या घागरीत ठेवले, असे सांगितले जाते. या कथेकडे हसून दुर्लक्ष करणे सोपे आहे. मानसशास्त्राच्या दृष्टीने ती मोलाची आहे. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विसंगतीच्या सिद्धांतानुसार, परस्परविरोधी दोन गोष्टी मनात एकत्र नांदू लागल्या की अस्वस्थता निर्माण होते आणि ती कमी करण्यासाठी माणूस दोहोंपैकी एक गोष्ट बदलतो. ‘अस्पृश्याच्या स्पर्शाने देव विटाळतो’ आणि ‘अस्पृश्य देवाला स्पर्श करणार’ ही विधाने एकत्र आली. दुसरे टाळणे शक्य नव्हते. पहिले सोडण्याची तयारी नव्हती. तेव्हा तिसरा मार्ग निघाला: स्पर्श होईल तो देवाला नव्हे, नुसत्या दगडाला. वागणुकीत माघार घ्यावी लागली, पण समजूत अबाधित राहिली.

याच सिद्धांताची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. फेस्टिंजर आणि मेरिल कार्लस्मिथ यांच्या १९५९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अतिशय कंटाळवाणे काम दिले आणि ते मजेदार होते असे पुढच्या व्यक्तीला सांगण्यास लावले. त्यासाठी काहींना एक डॉलर, तर काहींना वीस डॉलर मिळाले. ज्यांना एकच डॉलर मिळाला होता, त्यांना ते काम खरोखरच बरे वाटू लागले. वीस डॉलरवाल्यांकडे खोटे बोलण्याचे पुरेसे कारण होते. एक डॉलरवाल्यांना कारण स्वतःच्या मनात शोधावे लागले. यावरून असे दिसते की फार मोठ्या बक्षिसाने किंवा फार मोठ्या धाकाने वागणूक बदलते, मन तेवढे बदलत नाही. सौम्य दबावाखाली, थोडी निवड हाती ठेवून केलेली कृती मनाला आपल्यामागे ओढत नेते. घागरीची कथा जपणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने रोज त्याच रांगेतून येणारे सर्व जातींचे भाविक पाहिले. तेज परत आणण्याचा विधी करण्याची गरज कोणाला भासली नाही.

दर्शनबारी आणि पंगत

एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होतात, ही समजूत अर्धवट खरी आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठी चार अटी सांगितल्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा किंवा कायद्याचा पाठिंबा. पुढे टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः घटतो आणि या अटी पूर्ण होत असतील तर अधिक घटतो.

पंढरपूरच्या दर्शनबारीत कोणी कोणाची जात विचारत नाही. तेथे दर्जा समान, उद्दिष्ट समान, व्यवस्था मंदिर समितीची. मात्र शेजारच्याशी सहकार्य करण्याची गरज नसते आणि ओळखही होत नाही. वारीत ओळख होते, पण तेथे दुसरी अडचण असते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पायी वारीला गेल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र चालत होते, एकत्र अभंग म्हणत होते आणि वेगवेगळे जेवत होते. संपर्क एका क्षेत्रात झाला की त्याचा परिणाम आपोआप दुसऱ्या क्षेत्रात जात नाही. टाळ वाजवताना गळालेली जात चुलीपाशी पुन्हा उभी राहते. रांग, रस्ता, शाळा, गिरणी, पंगत, सोयरीक हे सर्व वेगवेगळे उंबरठे आहेत आणि प्रत्येक उंबरठ्यावर अभिवृत्तीची कसोटी नव्याने लागते.

अधिकाराचा पाठिंबा ही चौथी अट कशी काम करते, याचे उदाहरण सोलापूरचेच आहे. आषाढी एकादशीची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होण्याची प्रथा आहे. सोलापुरात जन्मलेले, तरुणपणी तेथील न्यायालयात पट्टेवाल्याचे काम केलेले सुशीलकुमार शिंदे जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. पायरीपाशी थांबवलेल्या समाजातील माणूस आता पदाने महापूजेचा मानकरी होता. मंदिराचे व्यवस्थापन मात्र तोवर वादातच होते. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. त्यावरील न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात मिटला तो जानेवारी २०१४ मध्ये. त्यानंतर मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या उमेदवारांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले.

सोलापूरची सेटलमेंट

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ नंतर त्याची व्याप्ती वाढवली. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा अनेक जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरली. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी ज्या वसाहती काढल्या, त्यांपैकी सोलापूरची एक मोठी. भोवती तारेचे कुंपण, दिवसाची हजेरी, बाहेर जायला पास. कुंपणातली माणसे कापड गिरण्यांत कामाला जात आणि परत आत येत. शहराशी त्यांचा संपर्क रोजचा होता, पण ऑलपोर्टच्या अटींपैकी पहिली आणि चौथी तेथे उलटी लागू होती: दर्जा समान नव्हता आणि कायदाच पूर्वग्रहाच्या बाजूने होता. अशा संपर्काने गैरसमज घटत नाही, पक्का होतो. ज्याला रोज हजेरी द्यावी लागते तो संशयितच असणार, असे पाहणाऱ्याला वाटते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. विमुक्त समाज हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि जुना संशय नव्या कागदावर उतरला. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी जायचे, ही सवय कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. तिला कायदा रद्द झाल्याचे कळवणारे कोणी नव्हते. १९४७ च्या मंदिरप्रवेशामागे सहा महिन्यांचा दौरा होता. १९५२ च्या मुक्तीमागे समाजाच्या बाजूने तशी कोणतीही तयारी नव्हती. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष सोलापूरचे बाळकृष्ण रेणके होते. रद्द झालेल्या कायद्याचा डाग पुसण्यासाठी ५४ वर्षांनी आयोग बसवावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

करमाळा ते हेरवाड

पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी मोहीम चालवली. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः केले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले.

प्रतिज्ञापत्राचे काम समजून घेण्यासारखे आहे. बांगड्या फोडायला पुढे होतात त्या बहुतेक घरातल्या किंवा भावकीतल्या वडीलधाऱ्या स्त्रिया, ज्यांच्या स्वतःच्या बांगड्या कधी तरी अशाच फुटलेल्या असतात. त्या क्रूर असतात असे नाही. दुःखाच्या त्या घटकेला कोणी विचार करून वागत नाही. जे होत आले तेच हात करतात. लोकांसमोर ‘राहू द्या’ म्हणण्याचे धैर्य विधवेकडून किंवा तिच्या लेकाकडून अपेक्षित धरणे अवास्तव आहे. प्रतिज्ञापत्रामुळे निर्णय शोकाच्या घटकेपूर्वीच झालेला असतो आणि नकाराची जबाबदारी गेलेल्या माणसावर जाते. ‘त्यांचीच तशी इच्छा होती’ हे वाक्य भावकीत कोणाला मोडता येत नाही. ग्रामसभेचा ठराव हेच काम गावाच्या पातळीवर करतो. मर्यादा अशी की ठराव एका बैठकीत होतो आणि कुंकू पुसण्याचा प्रसंग बंद घरात येतो. शिवाय हळदीकुंकवाचे बोलावणे येते की नाही, हे कोणत्याही ठरावाच्या कक्षेत बसत नाही.

कायदा कोठे अडतो

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्याने परवानगी दिली, पण कोणावर काही करण्याचे बंधन घातले नाही. विवाह करणाऱ्यावर बहिष्कार घालण्याची समाजाची मुभाही तशीच राहिली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १८७५ मध्ये, प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने पंढरपुरात बालकाश्रम काढावा लागला, कारण विधवांनी लोकलाजेस्तव टाकून दिलेली अर्भके त्या क्षेत्री सापडत होती. पुनर्विवाह कायदेशीर होता आणि तरीही मूल टाकणे त्याहून सोपे होते. मंदिरप्रवेशाच्या कायद्याने एक दार उघडे ठेवण्याची सक्ती केली, म्हणून रोजची वागणूक बदलली. जो कायदा रोजच्या कृतीला हात घालतो तो कालांतराने मनापर्यंत पोचतो. नुसती मुभा देणारा कायदा अपवादात्मक धैर्याच्या माणसांपुरता उरतो.

ज्यांनी वाट पाहिली नाही

अभिवृत्तीबदलाच्या साऱ्या चर्चेत एक पक्ष गृहीत धरला जातो: ज्याचे मन बदलायचे तो. दुसऱ्या पक्षाने तोवर काय करायचे? डॉ. आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह चालवला आणि पुढे तो मार्ग सोडला. फेब्रुवारी १९३३ च्या निवेदनात त्यांनी मंदिरप्रवेश हे अंतिम ध्येय आहे की पहिली पायरी, असा सवाल केला. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतर. शिक्षण, नोकरी आणि राजकीय सत्ता यांवर त्यांचा भर होता. गमतीचा भाग असा की ऑलपोर्टची समान दर्जाची अट प्रत्यक्षात याच मार्गाने पुरी होऊ लागली. वर्गात शेजारी बसणारा, कचेरीत सही करणारा, तहसीलदार म्हणून समोर येणारा दलित माणूस सवर्णांच्या मनात जो बदल घडवतो, तो उपदेशाने घडत नाही. मन बदलण्याची वाट न पाहणाऱ्यांनीच मन बदलण्याची परिस्थिती निर्माण केली.

मोजायचे कसे

अभिवृत्ती थेट मोजता येत नाही. प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तर देणाऱ्याला कोणते उत्तर शोभून दिसते हे ठाऊक असते. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशभरातील ४२ हजारांहून अधिक कुटुंबे होती. तीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्केच निघाले. अस्पृश्यतेबाबत तेथे दोन टप्प्यांत विचारणा केली होती. पहिला प्रश्न सरळ: घरात कोणी अस्पृश्यता पाळते का? ‘नाही’ असे उत्तर आले की दुसरा प्रश्न: अनुसूचित जातीची व्यक्ती स्वयंपाकघरात आली किंवा तिने घरातली भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांत अस्पृश्यता आढळली. त्यांपैकी काही कुटुंबे अशी होती, ज्यांनी पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले होते आणि भांड्यांच्या प्रश्नाला ‘चालणार नाही’.